एका शब्दातली पाणपोई

सोळाव्या शतकातल्या एका संस्कृत काव्यात एक पाणपोई आहे. ती आंब्याच्या राईत आहे, ती मरव्याची आणि वाळ्याच्या मुळांची बांधलेली आहे, आत मुली बसल्या आहेत आणि त्यांच्या हातांतल्या झाऱ्यांमधून पडणाऱ्या पाण्याला वेलदोडा, लवंग, कापूर आणि कस्तुरीचा वास आहे. राईतल्या अंधारापासून वाटसरूच्या तहानेपर्यंतचे हे सगळे चित्र एका शब्दात मावले आहे. देवनागरीत लिहिला तर हा शब्द १९५ अक्षरांचा होतो, रोमन लिपीत उतरवला तर ४२८. गिनेसच्या विक्रमग्रंथाने साहित्यातला सर्वांत लांब शब्द म्हणून त्याची नोंद केली आहे.

या नोंदीमुळे शब्दाचे नाव झाले, पण बहुतेक जण अक्षरे मोजून थांबतात. मला वाटते, त्याची लांबी ही त्यातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. तो आत शिरून, पायरी पायरीने उतरत वाचायचा शब्द आहे.

तो लिहिला तिरुमलांबा या कवयित्रीने, विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या काळात, म्हणजे १५२९ ते १५४२ या वर्षांच्या आसपास. अभ्यासकांपैकी कुणी तिला अच्युतरायाची राणी मानते, कुणी दरबारातली विदुषी. तिच्या काव्याचे नाव ‘वरदांबिकापरिणयचंपू’. चंपू म्हणजे गद्य आणि पद्य यांची गुंफण, आणि विषय म्हणजे अच्युतराय आणि वरदांबिका यांचा विवाह. पण विवाहाकडे जाण्याआधी ती अच्युतरायाच्या वडिलांची, नरस नायकाची, दक्षिणेकडची मोहीम सांगते, आणि त्या ओघात कांचीच्या आसपासच्या मुलखाचे, तुंडीर देशाचे, वर्णन येते. आपला शब्द या वर्णनातला आहे. काव्याचे हस्तलिखित तंजावरच्या ग्रंथसंग्रहात राहिले होते. ज्या संग्रहाला सरफोजीराजे भोसल्यांनी जिवापाड वाढवले तोच हा संग्रह. विसाव्या शतकात लाहोरचे पंडित लक्ष्मण सरूप यांनी ते संपादून छापले, तेव्हा कुठे ही पाणपोई दरबाराबाहेरच्या वाचकांसाठी उघडली.

आत शिरण्यापूर्वी समासाची एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. शाळेत आपण विग्रह करायला शिकतो: पुरण घालून केलेली पोळी ती पुरणपोळी, पीत आहे अंबर ज्याचे तो पीतांबर. दोन पदे जवळ येतात, मधल्या विभक्ती गळतात आणि एकच पद उभे राहते. ते नवे पद पुन्हा तिसऱ्याशी जोडता येते, तिघांचे मिळून झालेले चौथ्याशी. पाणिनीने समासाच्या प्रकरणाच्या तोंडाशीच जी अट घातली ती अर्थाची आहे: ज्या पदांचा एकमेकांशी अर्थाचा संबंध आहे तीच जोडावीत. किती जोडावीत याची मर्यादा त्याने घातली नाही. आणि संस्कृत तत्पुरुषात मुख्य पद शेवटी येते. जे काही विशेषण, उपमा, तपशील असेल ते आधी, आणि ज्याच्याबद्दल हे सारे चालले आहे ते शेवटी. दोन पदांच्या समासात याने काही बिघडत नाही. १९५ अक्षरांच्या समासात मात्र याच एका नियमातून सगळे नाट्य उभे राहते.

शब्द सुरू होतो तो अंधाराने. दिशांच्या मधल्या पोकळ्या अखंड काळवंडलेल्या आहेत. कशाने, ते सांगितलेले नाही. त्यामागून अमृतरसाचे भरपूर थेंब येतात, मग त्या थेंबांनी दाटलेले मेघ, आणि मेघासाठी तिने निवडलेले पद आहे ‘घनाघन’, म्हणजे नुसता ढग नव्हे, बरसणारा ढग. इथवर आलेल्या वाचकाने पावसाळा गृहीत धरलेला असतो. दिशा अंधारल्या, थेंब आले, ढग आले, आता सर कोसळणार. आणि पुढचे पद येते ‘संदेह’. हे ढग नाहीत, हा ढगांचा भास आहे. भास कशामुळे? ठिबकणाऱ्या मकरंदामुळे. मकरंद कुठला? ‘माकंद’, आंबा. आता कुठे झाड दिसले.

मला हा भाग फार आवडतो. ‘मेघांसारखी दिसणारी आम्रराई’ असे मराठीत म्हटले की राई आधीच हातात येते आणि मेघ नुसती उपमा होऊन राहतात. तिरुमलांबेच्या शब्दात मेघ आधी येतात. वाचकाला खरोखरच पाऊस दिसतो आणि मग तो पाऊस त्याच्या डोळ्यांदेखत मोहोराचा मध होतो. अलंकारशास्त्र याला संदेह किंवा भ्रांतिमान म्हणेल आणि पुढे जाईल. पण इथे भ्रम कवीने वर्णिलेला नाही, तो वाचकाला झाला आहे, आणि तो घडवून आणला आहे समासातल्या पदांच्या क्रमाने. मुख्य पद शेवटी ठेवण्याचा व्याकरणाचा नियम तिने उन्हातून राईकडे चालत येणाऱ्या माणसाच्या नजरेशी जुळवून घेतला. लांबून येणाऱ्यालाही आधी काळोखी दिसते, मग ढग वाटतात आणि जवळ गेल्यावर आंबा कळतो.

राईत शिरल्यावर नजर खाली येते. बुंध्यांशी अंथरुणासारखी मऊ वाळू साठली आहे. त्या वाळूशी पाणपोईचा मांडव आहे, मरवा आणि वाळ्याच्या दाट मुळ्या एकत्र बांधून केलेला. वाळ्यासाठी संस्कृतात पुष्कळ शब्द आहेत. त्यांतला तिने निवडला ‘लघुलय’, आणि त्याला विशेषण जोडले ‘अलघु’. लघु नसलेला लघुलय, असा अक्षरांचा छोटा खेळ आहे हा. उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे सोडणाऱ्या विदर्भातल्या वाचकाला त्या मांडवाचा गारवा आणि वास दोन्ही समजावून सांगावे लागणार नाहीत.

आता शब्दाची चाल बदलते. इतका वेळ ती ऐसपैस होती, एकेका वस्तूभोवती रेंगाळत होती. इथे ती झपाझप पावले टाकते: पाणपोई, तिच्यातली मुलगी, मुलीचा कमळासारखा हात, हातातली झारी. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूहून लहान, आणि प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूच्या आत किंवा हाताशी. ‘शालिका’ आणि ‘बालिका’ ही पदे एका अक्षराच्या फरकाने एकमेकींना लागून बसली आहेत, आणि थोड्याच अंतरावर ‘गलंतिका’ त्यांच्याशी यमक जुळवते. गलंतिका म्हणजे जिच्यातून पाणी धारेने गळत राहते ती झारी. शिवाच्या पिंडीवर अभिषेकासाठी टांगतात त्या पात्राला आपण गळती म्हणतो, ती याच कुळातली. या एका ओळखीने मला तो मुलींचा पाणी घालण्याचा प्रकार अधिक नीट दिसतो. लोटा उपडा केलेला नाही. बारीक, न तुटणारी धार आहे, आणि खाली ओंजळ धरून कुणी वाकले आहे. ओंजळ शब्दात नाही. ती आपल्या मनात आपोआप येते.

पाण्याच्या वासांची यादी हा शब्दातला एकमेव मोठा द्वंद्व समास आहे, पदे एकापुढे एक समान मानाने उभी राहतात: वेलदोडा, लवंग, पाटल, कापूर, कस्तुरी. यांतल्या ‘पाटल’चा अर्थ केशर असा केलेला आढळतो. मला तिथे पाडळीचे फूल वाटते. ग्रीष्मात पाडळीच्या फुलांनी पाणी सुगंधी करणे हा संस्कृत कवींचा जुना परिपाठ आहे, आणि पाणपोईच्या पाण्यात ते फूल अधिक शोभते. कस्तुरीबद्दल मात्र मान्य करायला हवे की वाटेवरच्या पाणपोईत कस्तुरी परवडणारी नाही. ती राजवाड्यातून आलेली आहे. दरबारात बसून लिहिणाऱ्या कवयित्रीने वाटसरूच्या ओंजळीत राजाचे पाणी घातले. मला यात अतिशयोक्ती दिसते, पण तिच्याबद्दल तक्रार करावीशी वाटत नाही. मग पाण्याची तीन विशेषणे: अधिक हलके, गोड, अधिक गार. त्यातले पहिले आपल्याकडच्या कुणालाही पटेल. एखाद्या गावचे पाणी जड, एखाद्या गावचे हलके, हे ठरवताना आपली आजीसुद्धा याच मापाने मोजत असे.

इतकी तयारी झाल्यावर तहान भागलीच पाहिजे. राई, वाळू, वाळा, झारी, वेलदोडा, हलके गार पाणी, सगळे जमले आहे. आणि इथे तिरुमलांबा पाण्याची धार बाजूला सारते. ‘निराकरिष्णु’ असे पद येते, म्हणजे दूर करणारे, फिके पाडणारे, नाकारणारे. त्या जलधारांना मागे टाकणारे काहीतरी आहे. ते म्हणजे त्या मुलींच्या निर्मळ डोळ्यांतून निघणाऱ्या किरणांच्या रेषा. वाटसरूंचा तहानेचा शीण त्या नजरेनेच हरला, पाणी ओंजळीत पोचण्याआधी.

या वळणावर एक छोटे पद बसले आहे, ज्याच्याकडे लक्ष न जाता वाचक सहज पुढे जाईल: ‘तदीय’, म्हणजे ‘त्यांचे’. समासाच्या पोटात सर्वनाम! मुली येऊन गेल्या त्याला आता बरीच पदे झाली. मधे झारी आली, पाच सुगंध आले, पाण्याची तीन विशेषणे आली. डोळे कुणाचे, हे सांगायला मागे बोट दाखवावे लागले. एखाद्या शब्दाला स्वतःच्याच आधीच्या भागाची आठवण काढावी लागते, तेव्हा तो शब्द राहूनही वाक्याची कामे करू लागलेला असतो. भाषेच्या दृष्टीने या शब्दातला सर्वांत धाडसी क्षण मला हाच वाटतो. १९५ अक्षरे त्यामानाने सोपी आहेत.

आणि शेवटी येतात ‘पथिक’, वाटसरू. ज्यांच्यासाठी सगळा थाट मांडला ते सर्वांत शेवटी दारात उभे राहतात. आपण समजतो की हेच मुख्य पद. तेही खरे नाही, कारण हा बहुव्रीही आहे. पीतांबर म्हणजे पिवळे वस्त्र नव्हे, ते नेसणारा. तसेच इथे शब्दाचा अर्थ वाटसरू नव्हे, तर जिथल्या वाटसरूंची तहान अशी हरते तो प्रदेश. सबंध शब्द म्हणजे त्या भूमीचे एक विशेषण आहे. आधी वाटले मेघ, निघाला आंबा. मग वाटले पाणी, निघाली नजर. मग वाटले वाटसरू, निघाला देश. तीनदा वाचकाची समजूत पुढे सरकते, आणि हे सगळे एकही क्रियापद न वापरता होते.

अर्थाबरोबर नाद चालतो, आणि तोही बदलत जातो. राईच्या भागात ‘न्द’ हा जोड पुन्हा पुन्हा कानी पडतो: बिंदू, वृंद, संदेह, मकरंद, माकंद. संस्कृत उच्चारात तो नकार स्पष्ट म्हणायचा, म्हणजे जड थेंब एकामागून एक पडल्यासारखा भरीव आवाज होतो. नजर जमिनीवर आली की ‘न्द’ विरळ होतो आणि ‘ल’ सुरू होतो: मृदुल, जटिल, मूल, मग शालिका, बालिका, गलंतिका, मग एला, शीतल, सलिल. थेंबांची धार झाली. आणि तहान जाते त्या जागी लांब ‘आ’ येतात, अपसारित, पिपासा, आयास, तोंड उघडून श्वास सोडावा तसे. कवयित्रीने हे मोजून केले की कानाने केले याची मला चिंता नाही. मोठ्याने म्हणणाऱ्याला ते ऐकू येते.

इतके लांब समास लिहिण्याची तिला मुभा दिली ती एका मोठ्या परंपरेने. दंडीने काव्यादर्शात समासांच्या भरगच्चपणाला ओज म्हटले आणि ते गद्याचे जीवित ठरवले. त्याच परंपरेत ज्या रीतीत समास थोडे, रचना मोकळी आणि माधुर्य पुष्कळ, तिला वैदर्भी हे नाव मिळाले, आपल्या विदर्भावरून. दीर्घ समासांची ती गौडी. पण जन्मगावावरून कुणाची रीत ठरत नाही. स्वतःला विदर्भातल्या पद्मपुरचा म्हणवणारा भवभूती ‘मालतीमाधवा’च्या गद्यात लांबच लांब समास रचतो. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातल्या बाणभट्टाने तर या रीतीचा कळस केला. त्याची ‘कादंबरी’ पुरी होण्याआधी तो गेला आणि मुलाने ती पूर्ण केली. त्या नायिकेचे नाव आज मराठीत एका सबंध साहित्यप्रकाराचे नाव झाले आहे. १८८३ साली मुंबईत पीटर पीटरसन यांनी तिची आवृत्ती काढली, तोवर युरोपातले पंडित तिच्यावर चांगलेच वैतागलेले होते. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताला बाणाचे गद्य हिंदुस्थानातल्या घनदाट अरण्यासारखे वाटले, जिथे प्रवाशाला झाडोरा तोडत वाट काढावी लागते. वेबरचा अनुभव खोटा नव्हता. पण तोडत जाणाऱ्याला फक्त झाडोरा दिसतो. बाणाच्या समासांत आणि तिरुमलांबेच्या या शब्दात वाट आधीपासून आहे, ती पदांच्या क्रमाने आखलेली आहे, आणि ती शेवटाकडेच जाते.

ही रीत फक्त पंडितांच्या पोथ्यांत होती असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिने ते लेणे भिक्षुसंघाला दिले आणि दानाच्या निमित्ताने आपल्या दिवंगत मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुण दगडावर कोरवून ठेवले. भाषा प्राकृत, आणि एकापाठोपाठ एक दीर्घ समास. त्यातला एक आपल्याकडे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांतून संस्कृत रूपात घरोघर पोचला आहे: त्रिसमुद्रतोयपीतवाहन. तीन समुद्रांचे पाणी ज्याच्या घोड्यांनी प्यायले आहे असा. तोही बहुव्रीहीच. समुद्र, पाणी, पिणे, घोडे, सगळे शब्दात आहे आणि राजा शब्दाच्या बाहेर उभा आहे. या एका शब्दात राज्याचा विस्तार सांगायला सीमा, नद्या, डोंगर मोजावे लागले नाहीत. दमलेल्या घोड्यांनी कुठे कुठे पाणी प्यायले तेवढे सांगितले. त्याच लेखात नागरिकांचे सुखदुःख आपलेच मानणारा, असाही समास आहे. आई मुलाविषयी बोलते आहे हे विसरून तो लेख वाचता येत नाही. एकाला एक जोडलेले ते समास वाचताना मला राजप्रशस्तीच्या आडून, थांबायला तयार नसलेले एक बोलणे ऐकू येते.

लांब शब्दांची हौस इतर भाषांनाही आहे. अथेन्सच्या ॲरिस्टोफेनीसने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकाच्या सुरुवातीला एक सुखात्मिका लिहिली. तिच्यात बायका पुरुषी वेषात सभेत शिरतात आणि नगराचा कारभार हाती घेतात. नाटकाच्या शेवटी सामुदायिक मेजवानी आहे, आणि तिथे वाढल्या जाणाऱ्या पदार्थाचे नाव दीडशेहून अधिक ग्रीक अक्षरांचे आहे. तव्यातले माशांचे तुकडे, शार्कच्या जातीचे मासे, मध, पाखरे, कोंबडा, ससा, आटवलेला द्राक्षरस, सगळे एका नावात. रंगमंचावर एका दमात म्हटल्यावर प्रेक्षागृह हसून कोसळत असणार. त्याचे सौंदर्य गर्दीचे आहे. पदार्थ शेजारी शेजारी येऊन बसतात, ससा आधी आला काय आणि कोंबडा आधी आला काय, मेजवानीत फरक पडत नाही. तिरुमलांबेच्या शब्दातले एक पद जरी इकडचे तिकडे केले तरी मेघांचा भास मोडतो.

जर्मन भाषेची घडण याबाबतीत संस्कृतच्या जवळची आहे. तिथेही मुख्य पद शेवटी येते. १९९९ साली मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न या राज्याने एक कायदा केला, त्याचे नाव रिंडफ्लाइशएटिकेटिअरुंग्सयूबरवाखुंग्सआउफगाबेनयूबरट्रागुंग्सगेझेट्स. गोमांसावरच्या लेबलांच्या देखरेखीच्या कामांच्या हस्तांतराचा कायदा. मूळ ६३ अक्षरांचा हा शब्द म्हणजे आपल्या परिभाषेत एकात एक बसवलेले षष्ठी तत्पुरुष. गायींच्या मेंदूला होणाऱ्या रोगाने तेव्हा युरोप घाबरला होता आणि मांस कुठून आले हे ग्राहकाला कळणे गरजेचे झाले होते. २०१३ साली कायदा रद्द झाला आणि शब्द कामावाचून उरला. त्याची रचना निर्दोष आहे, प्रत्येक पद आपल्या जागी आहे, आणि अर्थाची संदिग्धता कुठेही नाही. पण तो शेवटाला पोचला की वाचकाला मिळते ते आधीपासून अपेक्षित असलेलेच. वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या गावाचे ५८ अक्षरांचे नाव तर एकोणिसाव्या शतकात, रेल्वेचे प्रवासी थांबावेत म्हणून, मुद्दाम ताणलेले. त्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे मला काही सापडत नाही.

पाणपोईवरची मुलगी आणि वाटसरू ही जोडी मात्र तिरुमलांबेने शोधलेली नाही. ती तिच्या कितीतरी शतके आधीची आहे, आणि आपल्या मातीतली आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, माहाराष्ट्री प्राकृतात, एक गाथा आहे. वाटसरू ओंजळीने पाणी पितो आहे, पण डोळे वर आहेत, मुलीकडे. पिणे लांबावे म्हणून तो बोटे विरळ करतो, पाणी गळून जाऊ देतो. आणि मुलगी? ती झारीची आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सप्तशती मराठी वाचकांसमोर सटीप आणली, त्यामुळे ही जोडी आपल्याला घरच्या भाषेतही भेटते.

दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. गाथा दोन ओळींची, जवळजवळ समासाविना, वैदर्भी म्हणतात तशी. तिच्यात बोलणे नाही, आणि दोघांच्या मनातले दोघांनाही कळलेले आहे. वाटसरूची नजर वर जाते आणि मुलगी हाताने उत्तर देते. तिरुमलांबेकडे ही देवाणघेवाण नाही. तिथे मुली पुष्कळ आहेत, वाटसरूंचा लोंढा आहे, आणि नजर एकाच दिशेने जाते, मुलींकडून वाटसरूंकडे. एकट्या माणसाचे हृदय तिथे दिसत नाही, हे खरे, आणि प्रेमकविता म्हणून गाथा तिच्यापुढे कितीतरी पावले आहे. पण तिरुमलांबेला प्रेमकविता लिहायचीच नव्हती. तिला एका सुखी मुलखाचे विशेषण हवे होते. जिथे अनोळखी माणसाला पाणी मिळते, आणि पाण्याआधी निर्मळ नजर मिळते, तो देश. पुरुष कवींच्या शृंगारात या मुलींच्या डोळ्यांना बाण म्हणण्याची चाल आहे. इथे तेच डोळे शीण उतरवतात. बाणाच्या जागी तिने पाण्याची उपमाही ठेवली नाही, पाण्याहून वरचढ असे काही ठेवले. विजयनगरच्या दरबारात बसलेल्या एका बाईने हे लिहिले हे लक्षात ठेवून मी तो भाग वाचते.

मराठीत हा शब्द आणणे म्हणजे त्याचे ‘ज्या’ आणि ‘त्या’ करणे. आपली भाषा दोन-तीन पदांवर समास थांबवते आणि पुढचे ओझे संबंधी वाक्यांवर टाकते: ज्या राईने दिशा अंधारल्या, जिच्या बुंध्यांशी वाळू आहे, तिथल्या पाणपोईतल्या ज्या मुली, त्यांच्या ज्या झाऱ्या. अर्थ पोचतो, पण प्रत्येक ‘ज्या’बरोबर पुढे काय येणार त्याची चाहूल लागते. म्हणून भाषांतर शेजारी ठेवावे आणि मूळ शब्द मोठ्याने म्हणावा. संस्कृत फारसे येत नसले तरी चालेल, त्यातली निम्मी पदे मराठी माणसाच्या कानावर कधी ना कधी पडलेलीच असतात.

म्हणताना श्वासाच्या जागा ठरवून घ्याव्यात. पहिला थांबा ‘माकंद’ आल्यावर, कारण तिथे ढगांचे झाड झालेले असते. दुसरा बुंध्यापाशी, वाळू संपते तिथे. तिसरा झारीपाशी, म्हणजे सुगंधांची यादी एका दमात म्हणता येईल. चौथा पाण्याची धार सुरू होण्याच्या जरा आधी घ्यावा, भरपूर. त्यानंतर मात्र वाटसरूपर्यंत थांबू नये. मधे श्वास घेतला तर पाणी एकीकडे पडते आणि नजर दुसरीकडे, आणि तिने ती दोन्ही ‘निराकरिष्णु’ या एका पदाने बांधून ठेवली आहेत.